तुळईवरचा कोळशाचा खडा

७ ऑक्टोबर १९९६, सोमवार. ब्राउन्स्टन.

मी, एनॉक जेम्स स्केल्डिंग, वय वर्षे शहात्तर, जन्म नावेवर, धंदा नावाडी (सध्या निवृत्त, स्वेच्छेने), विधुर, 'टिटवी' या सत्तर फुटी अरुंद नावेचा मालक, शिक्षण इयत्ता चौथी उत्तीर्ण, येथे लिहून ठेवतो की या वहीत जे लिहीन ते खरेच लिहीन. पाण्यावरच्या लोकांत चौथी म्हणजे थोडी नव्हे. शाळा नावेबरोबर फिरत नाही. कोळसा जिथे उतरेल त्या गावच्या शाळेत दोन दिवस, पुढच्या गावी तीन दिवस, अशी मी ती पुरी केली. माझ्या वडिलांना स्वतःचे नाव लिहिता येत नव्हते. माझ्या पत्नीलाही येत नव्हते.

वही कोणाला दाखवायची नाही. परंतु मर्सीशी झालेल्या कराराचा पुढे वाद निघाल्यास निदान मला तरी सत्य ठाऊक असावे.

करार असा. कालव्यावरच्या लॉकची (नाव चढवण्या-उतरवण्याच्या दारबंद हौदांची) दारे हिवाळी दुरुस्तीसाठी बंद होतात त्यापूर्वी मी 'टिटवी' येथून बॅन्बरीपर्यंत, कोणाचीही मदत न घेता, आणावी. आणल्यास मर्सी घराचा विषय पुन्हा काढणार नाही. न आणल्यास मी नाव विकून काठावर, म्हणजे बॅन्बरीला, तिच्या घराच्या मागच्या खोलीत राहायला जावे. मर्सी ही माझी एकुलती एक मुलगी. नावेवर जन्मली आणि गालिचावर राहते.

तिचे शब्द जसेच्या तसे: "बाबा, आई होती तोवर ठीक होतं. लॉक तीच हाकायची. तुम्ही नुसते सुकाणू धरून पाइप ओढायचात."

हे सर्वस्वी चूक आहे. मी पाइप सन एकोणसत्तरमध्येच सोडला.

उद्या पहाटे निघणार. शुक्रवारपर्यंत बॅन्बरी.

८ ऑक्टोबर, मंगळवार.

निघालो नाही. धुके. धुक्यात नाव काढणे हे काठावरच्या लोकांचे काम.

९ ऑक्टोबर, बुधवार.

धुके नव्हते. त्यामुळेच संशय आला आणि थांबलो. दुपारी पाऊस आला. माझा अंदाज खरा ठरला.

माझी पत्नी केझाया हिची काळी बॉनेट (हनुवटीखाली फितींनी बांधायची बायकांची टोपी) अजून दाराजवळच्या खुंटीवर आहे. ती गेली तेव्हापासून, म्हणजे फेब्रुवारीपासून आहे. काढून ठेवायची आहे. पण ती कोणाची वाट अडवत नाही, तेव्हा घाई नाही.

११ ऑक्टोबर, शुक्रवार. नॅप्टन, लॉकच्या पायथ्याशी.

पहाटे निघालो. (साडेअकरा.) प्रवास उत्तम. एका पुलाला किंचित स्पर्श झाला. पूल जुना होता.

येथे टेकडी चढण्यासाठी एकामागून एक लॉक आहेत. एकट्या माणसाने लॉक हाकायचे म्हणजे नाव काठाला बांधायची, लोखंडी हँडल घेऊन वर चढायचे, झडपा उघडून लॉकमधले पाणी खाली सोडायचे, तुळईला पाठ लावून खालचे दार ढकलायचे, परत खाली येऊन नाव आत घालायची, दार लावायचे, पाणी भरायचे, वरचे दार ढकलायचे, नाव बाहेर काढून पुन्हा बांधायची आणि मागे जाऊन दार लावून यायचे. मग पुढचे लॉक. माणसे दोन असतील तर एकजण पुढे चालत जाऊन लॉक तयार ठेवतो आणि नाव न थांबता आत शिरते. केझाया पुढे जायची. मी नाव आणायचो. कामाची विभागणी समान होती.

लॉककीपर विल्फ ओरम याने माझ्या प्रकृतीची चौकशी केली. त्याची पद्धत: "एनॉक! अजून मेला नाहीस व्हय? मी तर फुलांना पैसे देऊन बसलो!"

मी त्यास सभ्यपणे सांगितले की मी एकटा वर जाणार आहे. तो म्हणाला, "एकटा? बरं बरं. वर पोचलास की नाताळच्या शुभेच्छा दे."

उद्या सूर्योदयाबरोबर सगळी चढण. चहाच्या वेळेस माथ्यावर.

१२ ऑक्टोबर, शनिवार.

दोन लॉक झाली. उजवा खांदा दुखतो. थांबणे शहाणपणाचे वाटले.

एक गोष्ट नोंदवणे भाग आहे. दुसऱ्या लॉककडे आलो तेव्हा ते तयार होते. पाणी खाली, दार उघडे. कोणी नाव खाली घेऊन गेले असेल तर असे होते. त्यात नवल नाही. परंतु दाराच्या तुळईवर, टोकाला, कोळशाचा एक खडा ठेवलेला होता.

हा खडा केझायाची खूण होती. वळणापलीकडचे लॉक मला दिसत नसे. ते तयार करून ती खडा ठेवी आणि पुढच्या लॉककडे चालू लागे. खडा असला की थांबायचे नाही, बघायचे नाही, नाव सरळ आत घालायची. दुसऱ्या कोणत्याही घराण्यात ही रीत नव्हती. मर्सीला ठाऊक आहे. मर्सी बॅन्बरीला आहे. विल्फला ठाऊक असावे.

परत जाऊन विल्फला विचारले. तो म्हणाला, "मी माझ्या सासऱ्यासाठी कधी दार उघडलं नाही, तुझ्यासाठी उघडीन?"

हे पटण्यासारखे आहे. त्याच्या सासऱ्यास मी ओळखत होतो.

खडा खिशात ठेवला. कोळसा वाया घालवू नये.

१३ ऑक्टोबर, रविवार.

रविवारी नाव हलवायची नाही, हे माझे तत्त्व आहे. आजपासून.

मागे एक नवीकोरी नाव येऊन बांधली आहे. छपरावर फुलांच्या कुंड्या, पितळी घंटा, आत गृहस्थ व पत्नी. नाव प्रिचर्ड. कॉव्हेन्ट्रीला दातांचे डॉक्टर होते. सकाळी मी दात घासत असता त्यांनी मुद्दाम हाक मारली: "काय आजोबा, भल्या पहाटे कुठं दौरा? तुमच्यापुढं आमच्या कोंबड्यानंही हात टेकले असते!"

पहाटे मी अंथरुणात होतो. माणूस चष्मा लावत नसावा.

माझी पायताणे ओली सापडली. टिटवीच्या पुढच्या भागात कोठेतरी पाणी येते आहे. मेणकापड ठोकावे लागेल.

१५ ऑक्टोबर, मंगळवार.

कोळशाच्या पेटीतला कोळसा कमी होत आहे. मोठे तुकडे आहेत, लहान खडे नाहीसे झाले आहेत. मी श्री. प्रिचर्ड यांच्यावर आरोप करीत नाही. परंतु त्यांच्या नावेत गॅस असूनही ते माझ्या पेटीकडे पाहत होते.

पुढची दोन लॉक पुन्हा तयार. दोन्हींवर खडा.

मी भुताखेतांवर विश्वास ठेवत नाही. माझी आई ठेवायची. ती म्हणे की बोगद्यात मागे वळून पाहिले तर नावेत एक माणूस जास्त दिसतो. मी नेहमी पाहत आलो. कधी दिसला नाही. मी चौथी पास आहे.

१६ ऑक्टोबर, बुधवार.

बॉनेट ओली आहे.

छप्पर गळत असणार. खुंटीखाली बादली ठेवली.

१७ ऑक्टोबर, गुरुवार.

रात्रभर पाऊस नव्हता. बादली कोरडी. बॉनेट ओली. फितींना गवताचे कुसळ.

स्वयंपाकघरातल्या जाळीदार कडांच्या बशा, केझायाच्या, खुंटीवर टांगलेल्या आहेत. आज त्या पुसल्या. किती दिवसांत पुसल्या नव्हत्या म्हणून. दुसरे कारण नाही.

१९ ऑक्टोबर, शनिवार. टेकडीचा माथा.

चढण पुरी झाली. विल्फ कोठेही दिसला नाही, अन्यथा नाताळच्या शुभेच्छा दिल्या असत्या.

शेवटची लॉक मी न थांबता घेतली. खडा दिसला की सरळ आत. चाळीस वर्षांची सवय हातात परत आली. एकदाही कडेला घासलो नाही. वरच्या लॉकमध्ये पाणी भरत असता मी मोठ्याने म्हणालो, "केझाया, झडप जरा हळू." ती झडपा नेहमी एकदम उघडायची आणि नाव मागे आदळायची. मी तिला एवढेच सांगत असे. दुसरे काही सांगितल्याचे आठवत नाही.

उत्तर आले नाही. ती कामाच्या वेळी बोलत नसे. फक्त लॉक माझ्यासाठी राखून ठेवलेले असताना दुसरी नाव मध्ये घुसू लागली तर तुळईवर हात ठेवून म्हणायची: "आमचे धनी येताहेत मागनं, भरल्या नावेनं. वाट सोडा." मोठमोठे दांडगट नावाडी वाट सोडत.

संध्याकाळी चहाचे दोन कप झाले. दुसरा माझाच, गार करून पिण्यासाठी.

२० ऑक्टोबर, रविवार.

तत्त्व. दिवसभर करारावर विचार केला. "कोणाचीही मदत न घेता" असे ठरले आहे. मृत पत्नी ही "कोणी" होते काय? मर्सी हयात माणसांविषयी बोलत होती हे उघड आहे. दुसरे म्हणजे मी मदत मागितलेली नाही. न मागता मिळालेल्या वाऱ्यास कोणी मदत म्हणत नाही.

समाधान झाले. तरी झोप नीट लागली नाही.

२२ ऑक्टोबर, मंगळवार. माथ्यावरचा सपाट कालवा.

येथे अनेक मैल लॉक नाही. कालवा टेकडीच्या अंगाने असा वळसे घेतो की एकच उंच मनोरा सकाळी पुढे दिसतो, दुपारी डावीकडे, संध्याकाळी मागे. दिवसभर कोणी पाठलाग करावा तसा.

लॉक नाही, म्हणून खडाही नाही. बॉनेट कोरडी. पायताणे कोरडी. छप्पर गळायचे आपोआप थांबले.

नाव फार शांत वाटते.

२३ ऑक्टोबर, बुधवार. फेनी कॉम्प्टन.

सार्वजनिक फोनवरून मर्सीशी बोललो. तिने विचारले, "जेवताय ना? झोप लागते? पडलात-बिडलात नाही ना कुठं?"

मी प्रकृती ठणठणीत असल्याचे कळवले.

ती म्हणाली, "बाबा, सोडा हट्ट. हट्टापायी एक दिवस लॉकमध्ये पडाल आणि मला पोलीस सांगायला येईल." मग म्हणाली, "आईविना रिकामी नाव मला बघवत नाही हो."

मी म्हणालो की नाव रिकामी नाही.

तिने विचारले, म्हणजे काय. माझी नाणी संपली.

विश्रांतीसाठी येथे चार दिवस थांबण्याचे योजले होते. बदल केला. उद्या पहाटे निघणार, खरोखरच पहाटे. पुढची लॉक क्लेडनला आहेत.

२५ ऑक्टोबर, शुक्रवार. क्लेडन.

काल दिवसभर नाव चालवली. दुपारी जेवलो नाही. अंधार पडता पडता क्लेडनच्या वरच्या लॉकपाशी बांधली. आज सकाळी उठून दार उघडले.

तुळईवर खडा.

येथून उतार. उताराला उलटे असते. लॉक भरलेले हवे आणि वरचे दार उघडे हवे. तिने बरोबर उलटे केले होते. काठावरचा कोणी भला माणूस असता तर इथे चुकला असता. म्हणजे संशयास जागा उरली नाही, असे मी येथे लिहितो.

सगळी क्लेडनची उतरंड न थांबता. खांदा फार दुखतो. नुसते सुकाणू धरून का दुखावा, कळत नाही. दमटपणा.

श्री. प्रिचर्ड यांची नाव सपाट कालव्यात कोठेतरी मला ओलांडून गेली होती; ती उतरंडीच्या खाली बांधलेली दिसली. सौ. प्रिचर्ड यांनी खिडकीतून हात हलवला आणि नवऱ्याच्या कानाशी काही बोलल्या. मी टोपी उचलली.

२७ ऑक्टोबर, रविवार.

तत्त्व रद्द. हवा चांगली आहे. बॅन्बरी एका दिवसावर. उद्या पोचणार आणि मर्सीच्या दारावर नावेतली घंटा वाजवणार. तिला केझायाविषयी सांगावे की नाही, हे ठरत नाही. सांगितले तर ती करारावर बोट ठेवील. न सांगितले तर ते खोटे होईल. आणि श्रेयही पुन्हा एकट्या मलाच मिळेल.

सांगणार.

सुवाच्य अक्षरासाठी वेळ नाही. पुढे एकच लॉक, वळणापलीकडे, आणि मग क्रॉप्रेडी गाव.

२७ ऑक्टोबर, दुपार. डाव्या हाताने.

घटना घडली त्याप्रमाणे नोंदवतो.

वळण घेतले. तुळईवर खडा होता. तो मी स्पष्ट पाहिला. आमच्या रीतीप्रमाणे वेग कमी केला नाही आणि पुढे पाहिले नाही. मी उघड्या दारातून आतल्या बशांकडे पाहत होतो, त्या चांगल्या लकाकत होत्या. 'टिटवी' पूर्ण वेगाने बंद दारावर गेली.

लॉक रिकामे होते. वरचे दार लावलेले होते.

नावेचे नाक आत चेपले आहे. मी सुकाणूवरून खाली पडलो. उजवे मनगट सुजले आहे. बशा सर्व फुटल्या. एक उरली होती. ती मी उचलताना फुटली.

श्री. प्रिचर्ड लॉकखालून धावत आले. माझ्याआधी त्यांनीच लॉक वापरून नाव खाली नेली होती. मी त्यांस विचारले की तुळईवर खडा असताना दुसऱ्याच्या लॉकमध्ये शिरण्याची हिंमत कशी झाली.

त्यांचा चेहरा पांढरा पडला. त्यांचे म्हणणे, त्यांच्याच शब्दांत: "अहो आजोबा, तुम्हीच तर पहाटे इथं होता! डोक्यावर ती बायकी काळी बॉनेट. तुम्हीच दार उघडून दिलंत, आणि मला म्हणालात, 'आमचे धनी येताहेत मागनं, भरल्या नावेनं. वाट सोडा.' आम्ही थांबलो हो. बराच वेळ थांबलो. कुणी येईना. मला वाटलं, थट्टा करताय. नॅप्टनलाही असंच करत होता ना तुम्ही रोज? ही म्हणत होती, कुणाला तरी सांगा, कुणाला तरी सांगा…"

माझे उत्तर: बॉनेट घातलेली व्यक्ती म्हातारा नसते, म्हातारी असते. तोंडात डोकावण्यात आयुष्य गेलेल्या माणसास चेहऱ्याचे एवढेही कळू नये याचे वाईट वाटते.

ते फोन करायला गावात गेले. मर्सीचा नंबर त्यांना कोणी दिला ठाऊक नाही. मी दिला असावा.

२८ ऑक्टोबर, सोमवार.

मर्सी काल संध्याकाळीच आली. बूट काढून नावेत शिरली, तिच्या आईने लावलेली सवय. काचांवरून जपून चालत आली. मनगटावर पट्टी बांधली. मी तिला सर्व सांगितले: खडे, लॉक, बॉनेट, दोन कप. मी म्हणालो की मी करार मोडला आहे, कारण तुझ्या आईने मला ब्राउन्स्टनपासून मदत केली आणि मी ती घेतली. हे मी उभे राहून सांगितले.

तिने खुंटीवरून बॉनेट काढली. फितींची गाठ पाहत राहिली. केझाया डाव्या कानाखाली फुलासारखी गाठ बांधी. ही गाठ वेगळी होती. नाव खुंटाला बांधतात ती. मी म्हणालो की गाठी ओल्या झाल्या की बदलतात.

मग तिने माझा उजवा हात हातात घेतला. तळव्याला हँडलचे फोड होते, नखांत काळे होते. ती बराच वेळ ते काळे स्वतःच्या एप्रनने पुसत राहिली.

तिचे शब्द: "बाबा, तुम्ही पैज जिंकलात. कुणी नव्हतं. तुम्ही एकट्यानं आणलीत नाव, बॅन्बरीला एक दिवस उरला, तो मी धरत नाही. आईचं कामही तुम्हीच केलंत आणि तुमचंही. नाव दुरुस्त करू. मी घराचं नाव काढणार नाही, शब्द दिला होता. पण आता मी रोज येऊन झोपणार इथं. पहाटे तुम्हाला धरायला."

श्री. प्रिचर्ड दाराशी उभे होते. ते म्हणाले, "आजोबा, पोरगी बरोबर बोलते. कराराप्रमाणं तुम्हीच जिंकलात. मी साक्षीदार." भला माणूस आहे. त्याने माझ्या पेटीत कोळशाची एक नवी थैली आणून ठेवली आहे. ती मी परत करणार आहे.

मी रात्रभर विचार केला. मी आयुष्यात कोणतीही पैज हरलो नाही. जिंकलो असे मान्य केले तर नाव माझी राहते, पाणी माझे राहते, आणि नॅप्टनच्या टेकडीवर, क्लेडनच्या उतारावर, त्या सगळ्या दारांपाशी माझ्याखेरीज कोणी नव्हते असे ठरते.

ते मला मान्य नाही.

सबब मी, एनॉक जेम्स स्केल्डिंग, शुद्धीवर असून कोणाच्याही दडपणाखाली नसताना लिहून देतो की मी पैज हरलो. मला सर्व प्रवासात पत्नीची मदत होती. कराराप्रमाणे 'टिटवी' विकावी. मी आज काठावर जात आहे. मर्सीने हे ऐकले आणि ती रडू लागली. ती जिंकली आहे, तिला आनंद व्हायला हवा. मागच्या खोलीची खिडकी शेजाऱ्याच्या सायकली ठेवायच्या शेडच्या पत्र्यावर उघडते असे कळते. तेथून जवळपास एकही लॉक नाही. बॉनेट बरोबर घेतली आहे. ती कोणाची वाट अडवणार नाही.

हजर साक्षीदार: मर्सी, कन्या, सही. आल्बर्ट प्रिचर्ड, दातांचे डॉक्टर, सही. केझाया स्केल्डिंग, पत्नी, हिला लिहिता येत नाही. तिची खूण म्हणून या पानावर कोळशाचा खडा ठेवला आहे. खडा माझ्या कोटाच्या खिशात निघाला. तेथे आणखीही बरेच आहेत.